मोटरच्या शटरची लिमिट लावून मगच ताबा घ्या

संपादक महाशय,

सुपर कॉरिडॉर आणि बायपासकडच्या नव्या घरांत खिडक्यांना मोटरची रोलर शटर सर्रास दिसू लागली आहेत. ‘मोटर गेली’ म्हणून बोलावणे येते तेव्हा बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. तिची वरची-खालची लिमिट, म्हणजे शटर वर आणि खाली कुठे थांबायचे ती जागा, कोणी नीट लावलेलीच नसते.

खालची लिमिट आधी लावावी. पट्ट्या एकमेकींवर बसून मधली भोके मिटली की मोटर थांबली पाहिजे. त्यापुढे पाइप (ज्यावर शटर गुंडाळले जाते तो) फिरत राहिला तर वरच्या बॉक्सात पट्ट्या सैल पडून फुगतात आणि वर जाताना चॅनेलच्या (बाजूच्या खाचेच्या) तोंडाशी अडकतात. शटर लवकर थांबत असेल तर मोटरच्या डोक्यावरचा खालच्या लिमिटचा स्क्रू अधिकच्या (+) दिशेने फिरवावा. पुढे जात असेल तर शटर हातभर वर घ्यावे, स्क्रू वजाकडे फिरवावा, मग पुन्हा खाली सोडून पाहावे. वर जाताना तळाची जाड पट्टी वरच्या चौकटीच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबावी. रबरी ठोकळ्यांवर आपटून थांबणे स्क्रूच्या लिमिटवाल्या मोटरला मानवत नाही. शटरला पाइपाशी धरून ठेवणारे पट्टेच तुटतात.

दोनपैकी कोणता स्क्रू कशाचा, हे मोटर डावीकडे आहे की उजवीकडे यावर ठरते. मोटरच्या डोक्यावरचे बाण पाहावेत. स्क्रू सोबतच्या प्लॅस्टिक किल्लीने, हातानेच फिरवावा. ड्रिल लावले की आतले बारीक गिअर गेलेच म्हणून समजा! अशा मोटरी साधारण चार मिनिटे सलग चालल्या की तापून आपोआप बंद होतात. पंधरा-वीस मिनिटे थांबावे, त्या पुन्हा चालतात. घाईत नवी मोटर विकत घेऊ नये.

वायरिंगमधली सर्वात महाग चूक म्हणजे एका स्विचवर दोन मोटरी थेट जोडणे. एक मोटर आधी लिमिटला पोचते आणि दुसरीच्या कपॅसिटरमधून (वीज साठवणाऱ्या भागातून) उलटा प्रवाह तिच्यात शिरतो. शटर टोकाला थरथरत वर-खाली करते आणि लिमिट स्विच जळतो. प्रत्येक मोटरला वेगळा रिले (विजेने चालणारा स्विच) हवा. स्विचही असा हवा की ‘वर’ आणि ‘खाली’ एकाच वेळी दाबताच येऊ नयेत.

आपल्याकडचे ऊनही हिशेबात धरावे. दोन मीटर लांबीची अल्युमिनियमची पट्टी जानेवारीच्या पहाटेपेक्षा मेच्या दुपारी सुमारे दोन मिलिमीटर वाढते. थंडीत चॅनेलमध्ये चपखल बसवलेले शटर उन्हाळ्यात घासते. पट्ट्या रुळल्या की, महिन्या-दीड महिन्याने, खालची लिमिट पुन्हा तपासावी.

बिल्डरांना एकच विनंती. बॉक्सचे झाकण पीओपीत गाडू नका, नाहीतर एक स्क्रू फिरवायला छत फोडावे लागते. किल्ली आणि वायरिंगचा नकाशा घरमालकाच्या हाती द्या. आणि ज्या खोलीतून बाहेर पडायला शटरचाच दरवाजा आहे, तिथे वीज गेल्यावर हाताने फिरवता येईल अशी हँडलवाली मोटरच बसवा.

— शटर-मोटरीचे काम करणारे कारागीर,
लोकमान्य नगर, इंदूर