ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडम, तिला ‘नाही’ म्हणायची सोय करून दिलीत त्याबद्दल

मॅडम, नमस्कार.

तुमचं आणि हॉस्पिटलचं नाव मुद्दामच घेत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीय. पण हे सगळ्यांसमोर लिहायचं होतं, कारण आत्ता ह्या क्षणी कितीतरी जण डायलिसिसच्या बेडवर पडून किडनी कोण देणार ह्याच विचारात असतील आणि त्यात नुसती डॉक्टरी बाजू नसते हे मला तुमच्यामुळे नीट समजलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मॅडम म्हणजे हॉस्पिटलात किडनी बदलायच्या ऑपरेशनची, डोनर-पेशंटची सगळी जुळवाजुळव बघणाऱ्या. माझ्या दोन्ही किडन्या निकामी, हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी), आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर. रक्तगट बी. आईला शुगर, म्हणून ती आधीच बाद. राहिले दोघं, धाकटा भाऊ बी आणि बायको ओ, म्हणजे रक्तगटाने दोघंही चालणारे. भावाचं नुकतंच लग्न झालेलं. मग काय, कुणी काही न बोलता सगळ्यांच्या नजरा हिच्याकडे. आत्या तर सरळच म्हणाली, बायको आहे ना, देईलच की. आणि ही पण म्हणाली, देते की, त्यात विचारायचं काय.

मला तिथंच अडायला झालं. आमच्या घरात, आमच्या भावकीत तिला नाही म्हणता आलं असतं का? म्हणाली असती तर सासरीच नाही, माहेरी पण जन्मभर बोलणी खावी लागली असती. मग अशा होकारावर मी तिच्या शरीरातला अवयव घ्यायचा का? आणि नाही घ्यायचा म्हणावं तर पोरगी दहावीला, घराचे हप्ते चालू, नोकरी अर्ध्या पगारावर, म्हणजे माझ्या नाही म्हणण्याची किंमत पण परत तिनेच भरायची. रात्र रात्र झोप नव्हती. शेवटी तुमच्या केबिनमध्ये येऊन विचारलं, की मॅडम, तिची घेऊच नये का?

तुम्ही हो पण म्हणाला नाहीत, नाही पण म्हणाला नाहीत. म्हणालात, "घरच्यांनी तिच्या वतीने होकार दिलाय, आता तुम्ही तिच्या वतीने नकार द्यायला निघालाय. तिच्याशी कोण बोललंय?"

मग तुम्ही तिला एकटीला बोलावलंत. आई बाहेर बाकड्यावर, मला तर सरळ खाली कँटीनला पाठवलंत. आत काय झालं ते हिने मला ऑपरेशन झाल्यावर बऱ्याच दिवसांनी सांगितलं आणि इथं लिहायला पण तिची परवानगी आहे. तुम्ही तिला आधी धोका सांगितलात, की डोनरचा जीव जायचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे पण शून्य नाही, नंतर दरवर्षी बीपी आणि रक्तातलं क्रिएटिनीन (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासावं लागेल, दुखणं-खुपणं झालं तर मनाने पेनकिलर घ्यायची नाही. आणि हे पण सांगितलंत की दिलेली किडनी नवऱ्याला आयुष्यभर पुरेलच असं नाही. हे शेवटचं ऐकवायला किती जण तयार होतात मला शंका आहे.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. तुम्ही तिला म्हणालात की जो कोणी डोनर म्हणून बसत नाही, मग शुगर असो, बीपी असो नाहीतर मनाची तयारी नसो, त्या प्रत्येकाच्या घरच्यांना आम्ही एकच वाक्य सांगतो, ‘यांना डोनर म्हणून घेता येत नाही’, कारण कुणालाच सांगत नाही. हिने विचारलं, म्हणजे माझ्यासाठी खोटं बोलणार का तुम्ही? तुम्ही म्हणालात, खोटं कशाला, मनापासून तयार नसलेल्या माणसाची किडनी आम्हाला खरंच घेता येत नाही. मॅडम, ह्या वाक्यावर मी किती विचार केलाय काय सांगू. तिची अब्रू राखली, माझ्याशी खोटं पण नाही, आणि कायदा पण तेच सांगतो. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे, त्याच्या २०१४ च्या नियमांत लिहिलंय की डोनर बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिची स्वतंत्र संमती पेशंट सोडून दुसऱ्या कुणीतरी पडताळायची. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त, म्हणून हा नियम किती गरजेचा आहे बघा. पण तो फॉर्मवर सही घेऊन पण उरकता येतो, तुम्ही तो खरा पाळलात.

शिवाय पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत व्यक्तींच्या दान केलेल्या अवयवांचं वाटप बघणाऱ्या केंद्राच्या, वेटिंग लिस्टला माझं नाव लावायला लावलंत. नंबर लागायला वर्षं जातात हे माहीत असून. तेव्हा वाटलं उगाच कशाला धावपळ, पण आपण नाही दिली तर सगळंच संपलं हे ओझं त्यामुळे हिच्या डोक्यावरून उतरलं.

तिने वेळ मागितला, तुम्ही दिलात, आणि माझं डायलिसिस चालू असताना एकदाही तिला फोन करून काय ठरलं म्हणून विचारलं नाहीत. मग तिने तिचे प्रश्न आणले. शिवणाची ऑर्डर अर्धी आहे ती कोण पुरी करणार, महिना-दीड महिना जड उचलायचं नाही तर पाण्याच्या कळश्या कोण भरणार, मला काही झालं तर पोरीचं काय. पहिल्यांदाच घरात ह्यावर नीट बोलणं झालं. बहिणीने येऊन राहायचं ठरवलं, भावाने पाणी भरायचं काम अंगावर घेतलं. आणि मग ही हो म्हणाली. हा होकार आधीच्यासारखा नव्हता, मला पण तो घ्यायला जड गेलं नाही.

भावाला पण तुम्ही असंच एकट्याला भेटला होतात. तो काय म्हणाला मला आजही माहीत नाही आणि मी कधी विचारणार पण नाही. दिवाळीला आम्ही शेजारी बसून जेवतो, मनात काही नाही. ह्याचं श्रेय पण तुमचंच.

मी टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी, वेळेवर घेतोय. हिची यंदाची तपासणी झाली, क्रिएटिनीन चांगलं आहे, तेव्हा ती तुम्हाला भेटायला वर आली होती पण तुम्ही रजेवर होतात. पुढच्या वेळी दोघं येऊ. तोपर्यंत दोघांकडून मनापासून धन्यवाद.