नऊ संघांचा कॅचर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या बेसबॉलची बातमी येते ती बहुतेक वेळा कराराच्या आकड्यांची. शोहेई ओहतानीचे 70 कोटी डॉलर, हुआन सोटोचे साडेशहात्तर कोटी. त्या बातम्या जरूर द्या. पण मी राहते पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला. इथला संघ मेजर लीगचा, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा, नाही, त्याच्या एक पायरी खालचा, मायनर लीगमधल्या ट्रिपल-ए चा आहे: लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज. या मैदानावर खेळून गेलेल्या एका माणसाबद्दल मराठी वाचकांना कळावं, असं मनापासून वाटतं.

एरिक क्रात्झ, कॅचर. जन्म 1980 चा, इथून जवळच्या टेलफर्डचा. 2002 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, टोरोंटो ब्लू जेजने त्याला घेतलं ते 29 व्या फेरीत, म्हणजे आठशेहून जास्त नावं पुकारून झाल्यावर. मेजर लीगचा पहिला सामना मिळाला 17 जुलै 2010 रोजी, पिट्सबर्गकडून. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. 2011 मध्ये तो आमच्या आयर्नपिग्जकडे खेळला. पुढे 2020 पर्यंत फिलाडेल्फिया, टोरोंटो, कॅन्सस सिटी, ह्यूस्टन, न्यूयॉर्क यांकीज, मिलवॉकी, सॅन फ्रान्सिस्को, टँपा बे. पिट्सबर्ग धरून मेजर लीगचे नऊ संघ, आणि सगळ्या कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी .209, म्हणजे दहा वेळा बॅट घेऊन जेमतेम दोन यशस्वी फटके.

एवढ्या कमी सरासरीच्या माणसाला नऊ संघांनी घेतलं कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर बॅटीत नाही. कॅचर बॅटरच्या मागे उकिडवा बसतो, आपल्या यष्टिरक्षकासारखा. पण पुढचा चेंडू कोणता आणि कुठे टाकायचा, हे पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, बहुतेक वेळा तोच सुचवतो. समोरच्या प्रत्येक बॅटरची खोड त्याला पाठ असावी लागते, आणि आपला पिचर आज बिथरला आहे का, हेही त्यालाच आधी कळावं लागतं. माझी मुलगी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर आहे, म्हणून हे काम मला जवळून दिसतं. चेंडू येताना तिच्या उजव्या हाताची मूठ घोट्यामागे दडलेली असते, कारण बॅटची कड घेऊन आलेला चेंडू उघड्या बोटांवर बसला की बोट मोडलंच. टप्पा पडून येणारा चेंडू ती झेलायला जात नाही. दोन्ही गुडघ्यांवर पडते, हनुवटी छातीला टेकवते आणि तो अंगावर घेते, म्हणजे तो तिच्यापुढेच पडतो आणि धावणाऱ्याला पुढचा तळ गाठता येत नाही. हे स्कोअरबुकात कुठेच लिहिलं जात नाही. क्रात्झने हेच काम ताशी दीडशे किलोमीटरच्या चेंडूंपुढे चाळिशीपर्यंत केलं.

अशांना काम मिळत राहतं त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. फेब्रुवारीत शिबिरं सुरू होतात तेव्हा प्रत्येक संघाकडे पिचरांची फौज असते आणि त्यांचे चेंडू झेलायला कुणीतरी लागतं. म्हणून कॅचर जास्तीचे बोलावतात, मायनर लीगच्या करारावर. मुख्य कॅचरचा गुडघा दुखावला की यातल्या एकाला रात्रीत फोन जातो. तो बरा झाला की याचं नाव यादीतून निघतं. मग सात दिवसांत त्याला दुसऱ्या संघाला द्यायचं, मायनर लीगला धाडायचं की सोडून द्यायचं, ते ठरतं. त्या सात दिवसांत घरच्यांनी मुलांच्या शाळेचं काय ठरवायचं, हा प्रश्न मला कुठल्याही करारापेक्षा मोठा वाटतो. शिवाय पैसा. 2020 पर्यंत ट्रिपल-ए चा किमान पगार आठवड्याला 502 डॉलर होता आणि तोही फक्त हंगामापुरता. मायनर लीगवाल्यांची संघटना झाली, तेव्हा कुठे 2023 पासून तो वर्षाला 35,800 झाला. मेजर लीगमध्ये मात्र 43 दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो. आज वर गेलेला खेळाडू दिवस का मोजतो, ते यावरून कळेल.

क्रात्झला मिलवॉकीने 2018 मध्ये घेतलं. त्या ऑक्टोबरात वयाच्या 38 व्या वर्षी तो पहिल्यांदा पोस्टसीझन, म्हणजे हंगामानंतरचे विजेतेपदाचे सामने, खेळला. पिचर वगळता इतक्या उशिरा ही संधी मिळालेला खेळाडू 1905 नंतर झाला नव्हता. कोलोरॅडोविरुद्धच्या मालिकेत त्याने आठ वेळा बॅट घेतली आणि पाच हिट, म्हणजे यशस्वी फटके, मारल्या. दोन वर्षांनी यांकीजकडे असताना तो देवी गार्सिया या 21 वर्षांच्या डोमिनिकन पिचरचे चेंडू झेलत होता. त्या पोराबद्दल पत्रकारांशी बोलताना चाळीस वर्षांच्या या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याच्या पाच हिटपेक्षा ते जास्त मोलाचं वाटतं.

अशा कॅचरांमधूनच पुढे मॅनेजर तयार होतात. ब्रूस बोची खेळाडू म्हणून राखीव कॅचरच राहिला, पण मॅनेजर म्हणून त्याने चार वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिका, जिंकल्या. आता यंत्राच्या अंपायरगिरीमुळे या लोकांचं काय होणार, याची मला काळजी वाटते. 2026 च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये चेंडू स्ट्राइक (ठरलेल्या चौकटीतला) की बॉल (चौकटीबाहेरचा), या अंपायरच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागता येते. काठावरचा चेंडू अलगद झेलून तो स्ट्राइक वाटायला लावण्याच्या कसबावर ज्यांनी वर्षानुवर्षं पोट भरलं, त्यांची किंमत त्याने थोडी तरी उतरणारच. दाद मागायची मुभा पिचर, कॅचर आणि बॅटर तिघांनाही आहे. माझ्या मते त्यात कॅचरचाच अंदाज सर्वांत भरवशाचा ठरेल, कारण चेंडू त्याच्या हातात येऊन थांबतो.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या फेब्रुवारीत फ्लोरिडा आणि ॲरिझोनातली शिबिरं सुरू होतील, तेव्हा मोठ्या करारांच्या बातम्यांशेजारी चार-सहा इंच जागा मायनर लीगच्या करारावर आलेल्या एखाद्या कॅचरला द्या: तो कुठून आला, कोणकोणत्या गावांत खेळला आणि या खेपेला त्याला ठेवून घेतलं की नाही.

आपली,
एक वाचक, ॲलनटाउन, पेनसिल्व्हेनिया