नव्या भाताची लोंबी

प्रिय मित्रा,

आजी गेल्याचं तुला फोनवर दोन शब्दांत सांगितलं आणि ठेवून दिला. घर माणसांनी भरलं होतं, बोलता आलं नाही. आता सगळे परतलेत.

१९३१ चा तिचा जन्म. लग्न होऊन खानापूरच्या या घरात आली ती इथलीच झाली. राज्य मात्र तिच्याभोवती बदलत राहिलं. आधी मुंबई, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर, १९७३ ला कर्नाटक. मिस्सेचंही, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचंही, तसंच. लॅटिनमधली मिस्सा तिला पाठ होती, अर्थ ठाऊक नव्हता. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली. वेदीवरचे शब्द पहिल्यांदा कळले त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती, असं बाबा सांगायचे. सीमाप्रश्नावरून आमच्या घरात केवढे वाद व्हायचे, तू ऐकलेत. ती मधेच म्हणायची, "देवाला सगळ्या भाषा येतात रे. जपमाळ मात्र मी मराठीतच म्हणणार." यात मला कधी विसंगती दिसली नाही.

पूर्वी मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असा नियम होता. पुढे तो एका तासावर आला. आजीने स्वतःपुरता जुनाच ठेवला. नव्वदीतही! डॉक्टर रागावले, आईने विनवण्या केल्या, तेव्हा कुठे गोळीपुरतं घोटभर पाणी घ्यायला लागली. आम्हा नातवंडांना मात्र रविवारी भाकरी खायला घालूनच चर्चला धाडायची.

१९६४ ला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरांच्या अवशेषांचं दर्शन होतं. गोवा मुक्त होऊन तीनच वर्षं झाली होती. लोंढा, कॅसलरॉक करत आगगाडीने गेली, काखेत दीड वर्षाचे बाबा. दूधसागरापाशी डब्यातल्या सगळ्या बायकांनी हात जोडले, हे ती दर वेळी सांगायची. २०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा दर्शन सुरू झालं तेव्हा ती अंथरुणावर होती. "मला नेशील?" म्हणाली. मी "बरी हो, नेतो" म्हटलं. गाडी करून, निजवून का होईना, न्यायला हवं होतं. हे मनातून जात नाही.

जानेवारीत पहाटे गेली. संध्याकाळची माळ अर्धी म्हणून झोपली होती. उरलेली आम्ही तिच्या उशाशी बसून पुरी केली.

एक विचारायचं होतं. ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिवशी, चर्चमधून आशीर्वादित होऊन आलेली नव्या भाताची लोंबी ती तुमच्याकडे पाठवायची. मीच आणून द्यायचो. काकू ती देव्हाऱ्यात ठेवायच्या. शेवटची लोंबी अजून आहे का तिथे? काकूंना विचारून कळव. असली तर काढू नका म्हणावं, मी बघायला येतो.

तुझा,
खानापूरचा मित्र