फ्लॉरेन्सच्या चिटणिसाला एवढीच जागा?

महोदय,

रविवार पुरवणीतील युरोपीय प्रबोधनावरचा लेख वाचला. चित्रकारांना आणि फ्लॉरेन्सच्या धनाढ्य मेडिची घराण्याला रकानेच्या रकाने मिळाले. इटलीतल्या फ्लॉरेन्स या नगरराज्याचा चिटणीस कोलुच्चो सालुताती मात्र ‘एक सरकारी लेखनिक’ या तीन शब्दांत आटोपला. माझी सारी नोकरी टपालाचे मसुदे करण्यात गेली, म्हणून हे फार लागले.

१३३१ साली स्तिन्यानो या खेड्यात जन्मलेला हा माणूस बोलोन्यात दस्तलेखन शिकला. तोदी, लुक्का अशा गावांत चाकरी करून १३७५ मध्ये तो फ्लॉरेन्सचा मुख्य चिटणीस, म्हणजे राज्याचा पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी, झाला आणि १४०६ साली मरेपर्यंत त्याच जागी राहिला. तिथले शासक मंडळ दर दोन महिन्यांनी बदलत असे. म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वेळा धनी बदलले. १३७८ मध्ये लोकर-कामगारांनी उठाव करून सत्ता घेतली, तरी चिटणीस तोच! नव्या साहेबासाठी रातोरात मसुदा फिरवलेल्यालाच यातले कष्ट कळतील.

पोपशी युद्ध जुंपले, तेव्हा त्याने थेट रोमच्या नागरिकांना पत्र लिहून त्यांच्या पूर्वजांच्या स्वातंत्र्याची आठवण करून दिली. त्याचे एक पत्र हजार घोडेस्वारांना भारी पडते, असे फ्लॉरेन्सचा शत्रू, मिलानचा राज्यकर्ता ज्यानगालेआत्सो व्हिस्कोंती म्हणे, अशी आख्यायिका आहे. त्याच मिलानच्या दफ्तरातला पास्क्विनो कपेल्ली याच्याकरवी १३९२ मध्ये प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याची आप्तमित्रांना लिहिलेली पत्रे सालुतातीच्या हाती आली. दोन राज्यांत नुकतीच लढाई झालेली, आणि दोन दफ्तरांत एका हस्तलिखिताची देवघेव! हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

ग्रीक शिकवायला कॉन्स्टँटिनोपलहून मान्वेल क्रिसोलोरास फ्लॉरेन्सला आला, तोही सालुतातीच्याच खटपटीने. १३९७ पासून क्रिसोलोरासने शिकवले. त्या शिकवणीच्या ओढीने कायद्याचा अभ्यास सोडणारा लिओनार्दो ब्रुनी पुढे याच चिटणिशीवर बसला. सालुतातीला स्वतःला म्हातारपणी ग्रीक फारसे साधले नाही. तरुण अभ्यासकांना मात्र त्याने आपला ग्रंथसंग्रह खुला ठेवला. १४०० च्या प्लेगात त्याचे दोन मुलगे गेले. तरी दफ्तराचे काम सुरूच राहिले.

मृत्यूनंतर शहराने त्याच्या मस्तकावर कवीचा लॉरेल-मुकुट ठेवला आणि मुख्य चर्चमध्ये त्याला मूठमाती दिली. लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे छापले आहे. त्यात या चिटणिसासाठी निदान एक रकाना राखावा, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त लेखनिक