एकच भिंत नवी का?

सांगली,
रविवार, रात्री

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

साताऱ्याहून घरी पोचायला साडेआठ झाले. कराडच्या पुढं पावसानं झोडपलं. एसटीत बसलो आणि तुझा फोन, "बाबा, तुम्हाला फ्लॅट आवडला नाही का? काहीच बोलला नाहीत." अगं, एजंट शेजारी उभा असताना काय बोलणार? माणूस गोड होता. पण मागच्या बेडरूममध्ये मी भिंतीकडं सरकलो की तोही सरकायचा.

फ्लॅट चांगला आहे. उजेड आहे, तळमजला म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची सोय. जावईबापूंनी तर ओटा बघूनच मनातल्या मनात घर घेतलं, हे मला दिसलं. पण त्या मागच्या खोलीत शिरल्याबरोबर रंगाचा वास आला. तीन भिंती जुन्या, पिवळट पडलेल्या. अजिंक्यताऱ्याच्या बाजूची तेवढी चौथी कोरी करकरीत. ऐन पावसाळ्यात रंगाचं काम कोण काढतं, आणि तेही एकाच भिंतीचं?

आपल्या विश्रामबागच्या घरातली देवघराची भिंत आठवते का? तू सातवी-आठवीत असशील. रंगाचे पापुद्रे सुटायचे, मिठासारखी पांढरी भुकटी फुटायची, आई रोज झाडूनं झाडायची. मी गच्चीला दोष दिला. नवा कोबा घातला, पुढच्या वर्षी बाहेरून वॉटरप्रूफिंगचा रंग दिला. भिंत ओलीच. शेवटी एक म्हातारे गवंडी आले. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "पलीकडं न्हाणी हाय का?" गच्चीचं पाणी वरनं उतरतं म्हणाले, तुमची भिंत वर ठणठणीत आणि खाली गुडघाभर ओली. न्हाणीत निळीचं पाणी ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जाळीजवळची फरशी काढली तर खालची वाळू निळी! ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या पाइपच्या, जोडाला बोटभर फट होती. आणि ती भिंत मे महिन्यातही ओली असायची. मेमध्ये गच्चीवर पाणी येतं कुठनं, एवढंही मला सुचू नये? दोन वर्षांचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून तुझ्या त्या भिंतीची ओल नुसती आहे की नाही हे बघून भागायचं नाही, ती येते कुठनं ते शोधायला हवं. तिथं पलीकडं न्हाणी नाही, वर दुसऱ्याचा फ्लॅट, म्हणजे गच्चीही नाही. मी चप्पल घालायच्या निमित्तानं मागं जाऊन आलो. मूळ बिल्डिंगचं जोतं चांगलं उंच असणार, पण नंतर कधीतरी मागच्या बाजूला भराव टाकून पेव्हर ब्लॉक बसवलेत. बाहेरची जमीन आता आतल्या फरशीच्याही चार बोटं वर आहे. डोंगराकडनं आलेलं पाणी तिथं साचतं आणि जोत्यातली ओल अडवणारी पट्टी खालीच राहून वरच्या विटांतनं आत शिरतं. असं असेल तर आतून कितीही भारी रंग लावा, वर्षभरात पापुद्रा धरणार. बाहेर भराव काढून चर काढायला हवा, आणि ती जागा सोसायटीची. म्हणजे किमतीचं बोलायच्या आधी सोसायटीशीही बोलायला लागणार.

शेजारच्या जुन्या भिंतीवरचा एक डाग मात्र वेगळा वाटला, कपाटाच्या मागं, काळसर बुरशीचा. ती ओल कदाचित खोलीतल्याच दमट हवेची असेल. त्याला सोपी युक्ती आहे. फूटभर ॲल्युमिनियमची फॉइल भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावायची आणि एक-दोन दिवसांनी काढायची. भिंतीकडच्या बाजूला पाणी सुटलं तर भिंतच ओली. खोलीकडच्या बाजूला सुटलं तर खिडकी उघडी ठेवा, कपाट चार इंच पुढं घ्या, संपलं. फक्त ती नव्या रंगावर लावू नकोस, रंग ओल दाबून धरतो. शेजारच्या जुन्या भिंतीच्या कोपऱ्यात लाव.

खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग बघून तू घाबरलीस, तिचं मला फारसं वाटलं नाही. इथं काळ्या मातीत उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते, घरं हलतात. तिथं खाली मुरूम आणि दगड. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातली आहे. पुढं सरकली तर बघू. दार घासतंय तेही आत्ता रंधू नका, लाकूड पावसानं फुगलंय.

आता माझ्या धंद्याचं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनच्या सॉकेटचं एक भोक काळं पडलंय. बोर्डात त्या लाइनला ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, आहे आणि वायर मला दीड एमएमची दिसली. सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी मोठा बसवला असणार. आता वायर जळेल पण तो पडणार नाही. चाळीस वर्षांत मी हे इतक्यांदा बघितलंय की रागही येत नाही. तिथं वायरच बदलायला हवी. करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तर नाहीच. त्याशिवाय शॉक लागणाऱ्या माणसाला एमसीबी वाचवत नाही, हे लोकांना पटतच नाही. अर्थिंग मी टेस्ट लॅम्प लावून बघेन, पण सॉकेट उघडूनही बघेन. काही महाभाग आतल्या आत न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडतात. दिवा झकास पेटतो, आणि एखाद दिवशी न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्याला करंट येतो. तू यातल्या कशाला हात लावू नकोस.

आणि बाथरूममधला गॅस गीझर पहिल्या दिवशी काढायचा. ह्यावर चर्चा नाही. लहानपणी हरिपूरला हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडताना मी बघितलंय. झाकण काढलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, बराच वेळ तोंड उघडं ठेवायचे, मग कंदील सोडून बघायचे. कंदील विझला की पुन्हा थांबायचं. त्या बाथरूमला वीतभर झडप आहे, तीही रंगानं चिकटलेली. बंद खोलीत गॅस जळतो तेव्हा हवेतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. कंदील सोडूनही तो कळायचा नाही. अंघोळीला गेलेला माणूस चक्कर येऊन पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं पाय घसरला. गीझर हवाच असेल तर बाहेर, डक्टकडं. नाहीतर विजेचा घ्या.

तिथला वास येत होता तो गटाराचा, पण घर बंद असल्यानं तो वास अडवणारं ट्रॅपमधलं पाणी आटलंय एवढंच. दोन तांबे पाणी ओत.

टोकन अजून देऊ नका. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो, टेस्ट लॅम्प आणि आईनं दिलेलं भडंग घेऊन. एजंटाकडनं चावी तेवढी मागून ठेव, तो नसला तरी चालेल. मागच्या खोलीतलं कपाट हलवायला दोन माणसं लागतील, जावईबापूंना सांग.

तुझे
बाबा