आयनांबर तापवायचं तर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आयनांबर म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर; तो रेडिओ लहरींनी तापवून अभ्यासणाऱ्या अलास्कातल्या हार्प केंद्राचे 3.6 मेगावॉट ऐकून तू दबलास, म्हणून आधी हिशेब करू. हार्प जिथे आहे त्या गाकोनाला 33 एकरांत 12 बाय 15 च्या जाळीत 180 खांब आहेत. त्यांवर काटकोनात बसवलेले डायपोल अँटेना, आणि त्यांना जोडलेले प्रत्येकी 10 किलोवॉटचे 360 ट्रान्समीटर. एवढ्या अँटेना मिळून ऊर्जा अरुंद झोतात कोंबतात, म्हणून प्रभावी शक्ती गिगावॉटमध्ये सांगतात. आता 1 गिगावॉट धर आणि 200 किलोमीटरवर काय उरतं ते काढ: चौरस मीटरला 2 मिलिवॉट. वातावरणाच्या माथ्यावर तेवढ्याच जागेत उन्हाचे सुमारे 1,360 वॉट पडतात. तरीही वर गडबड होते, ती लहरीची वारंवारता प्लाझ्माच्या, म्हणजे तिथल्या सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या वायूच्या, स्वतःच्या कंपनाशी जुळते म्हणून.

ते कंपन काढायला सोपं आहे. एका घन सेंटिमीटरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ घे, 9 ने गुण. उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. 3.1 लाख इलेक्ट्रॉन असतील तर 5 मेगाहर्ट्झ. म्हणून ट्रान्समीटरला हात लावण्याआधी आयनोसोंड चालवतात, म्हणजे खालून वर वारंवारता फिरवत परतणारे प्रतिध्वनी टिपतात. एफ-2 या आयनांबराच्या वरच्या, सर्वांत दाट थराची कमाल मर्यादा 5 मेगाहर्ट्झ निघाली, तर पंप, म्हणजे आपण वर सोडतो ती लहर, 4.5 मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवायचा. दोन डायपोलांना 90 अंशांच्या फरकाने ऊर्जा देऊन ओ-मोडचं, म्हणजे प्लाझ्मातल्या लाटेच्या दोन प्रकारांपैकी एकाचं, वर्तुळाकार ध्रुवीकरण साधायचं. फरक उलटा दिला की एक्स-मोड होतो. तो खालूनच परततो आणि हव्या त्या उंचीपर्यंत सहसा पोचत नाही. पडताळणीसाठी मात्र तोच कामी येतो: मोड बदलताच परिणाम ओसरला, तर उपकरणाचा खोटेपणा नव्हता हे कळतं.

वर काय होतं? प्लाझ्माचं कंपन जिथे 4.5 आहे तिथून लाट मागे फिरते. त्या उंचीजवळ काही मिलिसेकंदांत लाटेतून लँगम्युअर लहरी (इलेक्ट्रॉनांच्या कंपनाच्या लहरी) आणि आयनांच्या ध्वनिलहरी फुटतात, आणि रडारवर त्यांची रेघ उठते. पण काही किलोमीटर खाली दुसरी जागा आहे. तिथे इलेक्ट्रॉनांचं चुंबकीय क्षेत्राभोवतीचं फिरणंही हिशेबात येतं. फिरण्याची वारंवारता 1.36 मेगाहर्ट्झ धरलीस, तर 4.5 च्या वर्गातून 1.36 चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढ: साधारण 4.29. प्लाझ्माचं कंपन 4.29 असलेल्या त्या थरात इलेक्ट्रॉन तापतात. दीड हजार केल्विनचे तीन हजारांवर जाऊ शकतात. तापलेला प्लाझ्मा क्षेत्ररेषांवरून पसरतो आणि घनतेच्या उभ्या धाग्यांसारख्या रेषा पडतात: जाडी काही मीटर, लांबी किलोमीटरांत.

गंमत इथे आहे. हे धागे वाढायला काही सेकंद लागतात, पण एकदा वाढले की येणारी ऊर्जा ते खालीच गिळतात, आणि वरची लँगम्युअर रेघ मंदावते. पंप चालू करताच रडारवर उसळी दिसते आणि मग ती खाली बसते, ती त्यामुळे. म्हणून लँगम्युअर लहरी पाहायच्या असतील, तर छोटे स्पंद आणि मध्ये लांब विश्रांती. तापमान पाहायचं असेल तर काही मिनिटं चालू, काही मिनिटं बंद. 630 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश टिपायचा असेल तर चालू काळ मिनिटांतच हवा, कारण ऑक्सिजनचा उत्तेजित अणू तो प्रकाश लगेच सोडत नाही. झोत चुंबकीय रेषेच्या दिशेने कलवला की परिणाम ठळक होतो. गाकोनाला ती दिशा डोक्यावरून साधारण 14 अंश दक्षिणेकडे आहे.

नॉर्वेत ट्रोम्सोला थीडे, कोपका आणि स्टूबे या संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलं की प्लाझ्मातून नवं रेडिओ उत्सर्जन परत येतं. त्याच्या वर्णपटातला एक उंचवटा पंपापेक्षा साधारण 10 किलोहर्ट्झ खाली असतो. पंप वर सांगितलेल्या 1.36 च्या तिप्पट-चौपटीजवळ नेला, तर तो उंचवटा नाहीसा होतो. काही किलोहर्ट्झांची ही बारीक हालचाल मला आकड्यांच्या डामडौलापेक्षा जास्त भावते.

बिघडतं कशानं? सगळ्यात जास्त संध्याकाळने. सूर्य मावळला की एफ-2 ची मर्यादा झरझर उतरते, ती 4.5 च्या खाली गेली, तर झोत आरपार अवकाशात निघून जातो. म्हणून दर थोड्या वेळाने आयनोसोंड बघत पंप खाली आणावा लागतो, पण 2.7 मेगाहर्ट्झच्या खाली हार्पला जागाच नाही. दुसरं, सौरज्वाला किंवा ध्रुवप्रकाशामुळे डी-थर, म्हणजे आयनांबराचा सगळ्यात खालचा थर, दाटला, तर ऊर्जा 60 ते 90 किलोमीटरवरच संपते. तिथला ताप शोषण आणखी वाढवतो, म्हणजे शक्ती वाढवूनही फारसं हाती लागत नाही. 1933 मध्ये नेदरलँड्समध्ये स्वित्झर्लंडच्या बेरोम्युन्स्टर रेडिओ केंद्रावर लक्झेम्बर्गचा कार्यक्रम मिसळून ऐकू आला, तो याच शोषणामुळे; बलवान केंद्राच्या आवाजाबरोबर खालच्या थरातलं शोषण चढ-उतार करत होतं.

हार्प पाऊस पाडतं असं सांगणारे ते फॉरवर्ड केलेले मेसेज सोडून दे. ढग फार तर 18 किलोमीटरपर्यंत. तिथे या लहरींना धरणारे इलेक्ट्रॉनच पुरेसे नाहीत. वरचा प्लाझ्माही पंप बंद केल्यावर फार काळ तसा राहत नाही: इलेक्ट्रॉन मिनिटाभरात निवतात, धागे विरायला काही मिनिटं लागतात.

तुझा,
विजय