किल्ल्यांच्या पायथ्याशी खाणी आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत मध्य युरोपाविषयी अधूनमधून लेख येतात आणि त्यांच्या छायाचित्रांत किल्ले हमखास असतात. मात्र हे किल्ले ज्या पैशावर उभे राहिले तो पैसा आला कुठून, याविषयी त्यांत एखादी ओळही सहसा सापडत नाही. गेल्या सप्टेंबरात आम्ही पती-पत्नी भाड्याचे मोटारहोम घेऊन मध्य स्लोव्हाकियात बारा दिवस सावकाश हिंडलो. तिथल्या खाणी आणि तिथले किल्ले वेगवेगळे पाहिले तर दोन्ही अर्धेच कळतात, असे त्या प्रवासात आमचे पक्के मत झाले. ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात बान्स्का श्टियाव्नित्सापासून करतो, कारण तिथे हा संबंध उघड्या डोळ्यांना दिसतो. नावातला ‘बान्स्का’ म्हणजेच ‘खाणीचे’. चांदीवर वाढलेल्या या डोंगरातल्या गावात दोन किल्ले आहेत आणि दोन्ही तुर्कांच्या धास्तीने बांधले गेले. हा मुलूख तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता. 1526 मध्ये तुर्कांविरुद्धच्या मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा लायोश दुसरा पडला आणि खाणगावांच्या दिशेची वाट शत्रूला मोकळी झाली. तेव्हा गावकऱ्यांनी तेराव्या शतकातले आपले चर्चच तटबुरुजांनी वेढून त्याचा किल्ला केला. आज त्याला ‘जुना किल्ला’ म्हणतात. तेवढ्याने भागेना म्हणून 1564 ते 1571 या काळात समोरच्या टेकडीवर चार कोपऱ्यांना चार बुरूज असलेला पांढराशुभ्र ‘नवा किल्ला’ टेहळणीसाठी उभारला गेला. देवळाची गढी करण्याइतकी निकड एखाद्या गावाला का भासावी, याचे उत्तर जमिनीवर मिळत नाही. त्यासाठी जमिनीखाली जावे लागते.

गावाबाहेरच्या खाण संग्रहालयात तशी सोय आहे. प्रवेशद्वारापाशी प्रत्येकाला गडद रंगाचा लांब कोट, शिरस्त्राण आणि हातात धरायचा दिवा दिला जातो आणि वाटाड्यामागून दीडेक किलोमीटर बोगद्यांतून चालवत नेले जाते. बाहेर ऊन होते. आत पाच मिनिटांत बोटे गार पडली. छत काही ठिकाणी इतके खाली येते की माझे शिरस्त्राण तुळईवर चारदा आपटले आणि चौथ्या वेळी वाटाड्या मागे न पाहताच हसला. सर्वांत जुन्या बोगद्यांच्या भिंतींवर छिन्नीचे घाव एकाखाली एक असे स्पष्ट मोजता येतात. आमच्या वाटाड्याच्या सांगण्याप्रमाणे कठीण खडकात एक माणूस महिनाभर राबला तरी काही वितीच पुढे सरकत असे. 8 फेब्रुवारी 1627 रोजी कास्पार वाइंड्ल या टिरोलमधून आलेल्या माणसाने याच गावच्या खाणीत बंदुकीच्या दारूचा सुरुंग लावून खडक फोडला. खाणकामात दारू वापरल्याच्या युरोपातील अगदी सुरुवातीच्या नोंदींमध्ये ही नोंद मोडते. छिन्नीचे ते घाव पाहिल्यावर या तारखेचे मोल जसे समजते, तसे माहितीफलक वाचून समजले नसते.

दारूमुळे खाणी खोल गेल्या आणि खोल गेल्यामुळे त्यांत पाणी भरू लागले. हे पाणी उपसण्याची कथा मला साऱ्या प्रवासात सर्वांत विलक्षण वाटली, म्हणून तिच्यावर थोडा अधिक मजकूर खर्ची घालतो. घोड्यांच्या रहाटांनी पाणी हटेना. जवळच्या नोव्हा बान्यात 1722 मध्ये आयझॅक पॉटर या इंग्रजाने वाफेच्या बळावर चालणारा पंप बसवला, जो युरोपच्या मुख्य भूमीवरचा अशा प्रकारचा पहिला मानला जातो. पण त्याला जळण फार लागे. तेव्हा सामुएल मिकोव्हिनी, माटेय कोर्नेल हेल आणि त्याचा मुलगा योझेफ कारोल हेल या अभियंत्यांनी काट्याने काटा काढावा तसा मार्ग काढला. डोंगरांवर पावसाचे व बर्फाचे पाणी अडवणारी साठच्या आसपास तळी बांधली गेली आणि शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या चरांनी ती जोडली गेली. उंचावरून येणाऱ्या त्याच पाण्याच्या दाबावर खाणीतले पाणी वर खेचणारे यंत्र धाकट्या हेलने 1749 मध्ये चालू केले. या तळ्यांना तिथे ‘तायखी’ म्हणतात. त्यांपैकी वीसहून अधिक आजही भरलेली असून लोक त्यांत पोहतात. धरणाच्या भिंतीवर बसून शेंगदाणे खात असताना आपण एका प्रचंड यंत्राच्या टाकीवर बसलो आहोत, हे आम्हाला बऱ्याच उशिरा उमगले. 1762 मध्ये व्हिएन्नाच्या दरबाराने खाणविद्येच्या उच्च शिक्षणासाठी याच गावाची निवड केली, त्यामागे हे सारे होते. 1782 च्या खानेसुमारीत हे गाव हंगेरीच्या राज्यातले तिसरे मोठे शहर ठरले होते. आज तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे राहतात. 1993 मध्ये युनेस्कोने गावाबरोबर परिसरातल्या तांत्रिक वास्तूही जागतिक वारसा यादीत घेतल्या, हे मला योग्य वाटते, कारण तळ्यांवाचून ते गाव निव्वळ देखणे उरते.

मोटारहोमविषयीही दोन शब्द लिहितो, कारण पुरवणीतल्या जाहिराती त्याचे वर्णन चाकांवरचे हॉटेल असे करतात. हॉटेलात सांडपाण्याची टाकी आपल्याला रिकामी करावी लागत नाही आणि शौचालयाची पेटी उचलून नेमून दिलेल्या जागी ओतावी लागत नाही. श्टियाव्नित्साच्या गल्ल्या अरुंद व चढाच्या आहेत. मोबाइलवरच्या नकाशाने आम्हाला थेट त्यांत नेऊन सोडले आणि दगडी भिंत व आमचा आरसा यांत चार बोटांचे अंतर उरले असताना वरून दूधगाडी आली. मागे येता येता फ्रिजचे दार उघडून लोणच्याची बरणी फुटली, तिचा वास परत निघेपर्यंत गाडीत होता. तेव्हापासून गाडी पायथ्याशी लावायची आणि गावात पायी चढायचे, हा नियम आम्ही पाळला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला द्रुतगती मार्गासाठी इलेक्ट्रॉनिक पथकर भरावा लागतो, दिवसाही पुढचे दिवे लावूनच चालवावे लागते आणि चालकाला मद्याचा एक थेंबही चालत नाही. संरक्षित वनक्षेत्रात मनाला येईल तिथे मुक्काम ठोकता येत नाही, त्यामुळे रात्री आम्ही अधिकृत तळांवरच राहिलो. एवढे सोसूनही मी पुन्हा मोटारहोमच घेईन. बसची सहल या गावात दोन तास थांबते. आम्ही तीन रात्री राहिलो आणि म्हणूनच खाणीत दोनदा उतरू शकलो.

तिथून पन्नासेक किलोमीटरच्या आतबाहेर क्रेम्नित्सा आणि बान्स्का बिस्त्रित्सा ही दोन गावे आहेत. सोन्याचे क्रेम्नित्सा, चांदीचे श्टियाव्नित्सा आणि तांब्याचे बिस्त्रित्सा अशी या तिघांची जुनी ओळख आहे. क्रेम्नित्साला 1328 मध्ये राजा कारोल रोबेर्त याने सनद दिली आणि टाकसाळ सुरू झाली. तिथे आजही नाणी पाडली जातात आणि स्लोव्हाकियाची युरो नाणी तिथलीच असतात. टाकसाळीच्या वर दुहेरी तटाचा नगरकिल्ला आहे आणि त्याच्या मधोमध संत कॅथरिनचे चर्च. तट कशासाठी, हा प्रश्न इथे कुणालाही पडू नये. गावाजवळच्या एका चर्चपाशी ‘युरोपचा मध्य’ असे सांगणारा दगडही आहे. असा मान सांगणारे दगड आणखी काही देशांतही आहेत, त्यामुळे त्याबद्दल फार बोलत नाही.

बिस्त्रित्साच्या तांब्याची गोष्ट मात्र थेट आपल्या किनाऱ्याकडे येते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस खाणउद्योजक यान थुर्झो आणि जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा सावकार याकोब फुगर यांनी इथल्या तांब्याचा व्यापार एकत्रितपणे हाती घेतला. 1533 मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेले एक पोर्तुगीज जहाज आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बुडाले. 2008 मध्ये नामिबियातल्या हिऱ्यांच्या खाणक्षेत्रात त्याचे अवशेष सापडले. ते ‘बोम जेझुस’ हे जहाज असल्याचे मानले जाते. त्यात फुगरांच्या त्रिशूळाचा शिक्का असलेल्या तांब्याच्या लगडी होत्या आणि तपासणीत त्यांचे खनिज स्लोव्हाकियातल्या डोंगरांतले असल्याचे दिसून आले. गावच्या चौकातल्या बाकावर मी हे पत्नीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपण माल जिथून सुटायचा तिथे येऊन बसलोय.”

शेवटचे दोन दिवस बोयनित्सेला काढले. कुठल्याही माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर दिसतो तो निळसर छपरांचा, टोकदार मनोऱ्यांचा किल्ला हाच. मराठीत आपण दोन्हींना किल्ला म्हणतो, पण स्लोव्हाक भाषेत लढाईच्या गडाला ‘ह्राद’ आणि राहण्याच्या गढीला ‘झामोक’ असे वेगळे शब्द आहेत. त्या हिशेबाने बोयनित्से झामोक ठरतो. त्याचे आजचे रूप काउंट यान पाल्फी याने 1888 पासून फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या गढ्यांच्या धर्तीवर घडवले आणि काम त्याच्या मृत्यूनंतर 1910 मध्ये संपले. गढी सुरेख आहे, यात वाद नाही. पण पंधरा-वीस किलोमीटरवर हंदलोवा हे गाव आहे. तिथल्या कोळशाच्या खाणीत 10 ऑगस्ट 2009 रोजी झालेल्या स्फोटात वीस जण दगावले आणि त्यांत खाणकामगारांबरोबर त्यांना सोडवायला उतरलेले बचावपथकाचे लोकही होते. शेजारच्या नोव्हाकीच्या वीजकेंद्रात कोळसा जाळणे 2023 च्या अखेरीस थांबले. बोयनित्सेच्या फाटकापाशी तिकिटासाठी ताटकळणाऱ्या गर्दीतल्या बहुतेकांनी हंदलोवाचे नाव ऐकलेले नसावे. आम्हीही मुद्दाम वाट वाकडी करून गेलो नसतो तर ऐकले नसते. तिथे एका निवृत्त खाणकामगाराने आम्हाला ‘झ्दार बोह’ म्हणून निरोप दिला. देव यश देवो, अशा अर्थाचे हे खाणीत उतरतानाचे अभिवादन आहे.

संपादकांना विनंती एवढीच की, यापुढे पुरवणीत बोयनित्सेचे छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली हंदलोवाचे नाव आणि तिथवरचे अंतरही एका ओळीत द्यावे. मोटारहोमने जाणाऱ्याला तो जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता आहे आणि त्यात आमच्यासारखी उलटी गाडी घ्यायला लावणारी एकही गल्ली नाही.

आपला,
एक नियमित वाचक